वगारीची पत्रिका

आमच्या म्हशीला वगार झाली तेव्हा मी तिची जन्मवेळ मनगटावरच्या घड्याळात पाहून ठेवली, आणि माझ्या भाच्याची म्हणून एका माणसाला पत्रिका करायला दिली. वगार म्हणजे म्हशीची लेक. भाचा मला नव्हता. हे सगळं मी बी.एस्सी., बी.एड. झाल्यानंतर केलं, त्यामुळे अडाणीपणावर ढकलायची सोय नाही.

तो माणूस आमच्या शाळेत गणित शिकवायचा. मी भाच्याची तारीख आणि वेळ सांगितली तसा त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, काच उजेडाकडं धरली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "वेळ कोणी पाहिली?"

"मीच पाहिली."

"बाळंतपण कोणी केलं?"

खोटं बोलायची पूर्ण तयारी करून मी गेलो होतो. भाच्याचा रंग, वजन, आत्यानं ठेवायचं नाव, सगळं पाठ. बाळंतपण कोणी केलं हे मात्र तयारीत नव्हतं. तोंडात पहिलं नाव आलं ते आमच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरचं. तेच सांगितलं. खोटं बोलणाऱ्यानं कोसभर दूरचं नाव घ्यावं, एवढी अक्कल पदवीबरोबर मिळत नाही.

"बरं," म्हणाले आणि चष्मा घातला.

पुढं काय झालं ते सांगण्याआधी हा माणूस तुम्हाला नीट दाखवला पाहिजे, नाहीतर तुम्ही उगाच माझ्या बाजूनं व्हाल.

आखाडा बाळापूरच्या शाळेत आम्ही दोघं एकाच वर्षी लागलो. तेव्हा आमचा भाग परभणी जिल्ह्यात होता. ते कुरुंद्याकडचे, घरची हळद, भाऊ शेती बघायचा. घराण्यात पंचांगाला कोणी हात लावला नव्हता. त्यामुळे त्यांना दोन्हीकडून बोलणी बसायची. पूजाअर्चा सांगणारे म्हणायचे, कुणब्याच्या पोराला हे कोणी शिकवलं; आणि आमच्यासारखे शिकलेले म्हणायचे, गणिताचा मास्तर असून हे काय घेऊन बसलात. दोघांनाही ते एकच उत्तर द्यायचे, "अभ्यास करून राहिलो." आणि उत्तर देताना चिडायचे. शांत, सोशीक वगैरे माणूस तो नव्हता. चर्चा तापली की त्यांचे कान लाल व्हायचे आणि समोरच्याचा चहा ते चुकून पिऊन टाकायचे. माझे कित्येक चहा त्यात गेले.

"वेळ कोणी पाहिली?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. आपल्याकडं लेकराची वेळ कशी सांगतात ते तुम्हाला ठाऊक आहे. दिवेलागणीला झालं. बैल सुटले तव्हा झालं. नांदेडची गाडी येऊन राहिली होती तव्हा झालं. दुसरा कोणी असता तर अंदाजानं वेळ धरून मोकळा झाला असता. हे उठायचे आणि चौकशीला निघायचे. एका पोराच्या पत्रिकेसाठी त्यांनी स्टँडवर कंडक्टरला गाठलं आणि त्या दिवशी नांदेडची गाडी किती उशिरा आली होती ते विचारलं. कंडक्टर म्हणाला, "सर, वेळेवर आली असती तर ध्यानात राहिली असती."

वाचनालयाच्या मागच्या खोलीत रविवारी सकाळी त्यांचा वर्ग असायचा. फी नाही, नारळ नाही, दक्षिणा नाही. वर्गाची सुरुवात ठरलेली. उभे राहायचे आणि म्हणायचे, "आधी माझं चुकलेलं ऐका." मग आपण सांगितलेलं काय काय खोटं ठरलं ते क्रमानं सांगायचे. त्यात पीटीच्या सरांची बदली दर वेळी असायची. आमच्या या गणिताच्या सरांनी त्यांना सांगितलं होतं की या वर्षी गावाकडं बदली होईल. त्या भरवशावर पीटीच्या सरांनी वळकटी बांधली, भांडी पोत्यात भरली, शेजाऱ्यांना निरोपाचं जेवण घातलं. बदली झाली नाही. पोतं सोडायला बायको तयार होईना. कित्येक महिने त्या घरात पाहुण्याला चहा वाटीतून मिळायचा.

कोणी यायचा आणि विचारायचा, सर, नोकरी कवा लागंल? ते म्हणायचे, "बसा. आधी त्रैराशिक शिका." बरेचजण तिथूनच परत जायचे. राहिले ते मात्र टिकले. त्यांना ते पंचांग वाचायला, ग्रहांचे अंश काढायला, गावाच्या अक्षांश-रेखांशावरून सूर्योदय बसवायला शिकवायचे. फळ सांगणं फार शेवटी, तेही "असं म्हणतात, पाहून घ्या" या शब्दांत.

पुढं हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा लोकांनी त्यांना भंडावून सोडलं. पत्रिकेवर परभणी जिल्हा लिहिलंय, आता फळ बदलंल का? पीटीच्या सरांनी तर विचारलं की जिल्ह्याबरोबर माझी साडेसाती परभणीकडंच राहील का. आम्ही सगळे हसलो. ते हसले नाहीत. फळा पुसला आणि रेखांश म्हणजे काय ते पुन्हा पहिल्यापासून शिकवलं.

मी विज्ञानाचा. म्हणजे विज्ञानाचा तास माझ्याकडं होता. एकदा ते वर्गाला सिद्धेश्वर धरणावर घेऊन गेले, सूर्य बुडाल्यावर ग्रह दाखवायला. मीही गेलो, खोड्या काढायला. अंधारून येताच पाण्याच्या पलीकडं एक झगझगीत ठिपका दिसला. सरांनी तोंड उघडायच्या आत मी सगळ्यांना सांगून टाकलं, हा शुक्र, पृथ्वीपेक्षा जरा लहान, भोवती दाट वायूंचं आवरण. चांगला तास घेतला. तेवढ्यात शुक्र खोकला आणि मासे घ्यायचे का म्हणून विचारू लागला. मासेमाराची बत्ती होती ती, होडी काठाला लागत होती. सर एवढंच म्हणाले, "वायूंचं आवरण बराबर आहे, बिडी ओढून राहिला."

अशा माणसावर माझा राग असायचं खरं कारण हेच असावं. पण मी त्याला तत्त्वाचं नाव दिलं. त्या दिवसांत पेपरांत वाद पेटला होता, विद्यापीठात ज्योतिष शिकवावं की नाही. बाळापुरात विद्यापीठ नव्हतं, पण वाद आमच्यापर्यंत पोचला. मी वाचनालयाच्या समितीकडं अर्ज दिला की सार्वजनिक जागेत हा वर्ग चालू नये. गावात सह्या घेत फिरलो. पहिली सही माझी.

शिक्षकांच्या खोलीत ते माझ्यासमोर येऊन बसले. कान लाल होते, पण आवाज खाली होता.

"वर्ग घरी घ्या ना, सर," मी म्हणालो. "घरात कोण अडवतंय तुम्हाला?"

"घरी घेतला की तो धंदा होतो. लोक चपला काढून दारात बसतात, हात पुढं करतात. वाचनालयात आले की पाटी-पेन्शील घेऊन येतात. खोली गेली तर वर्ग गेला. एवढं ध्यानात ठेवून काय करायचं ते करा."

त्या दिवशी त्यांनी माझा चहा प्यायला नाही. मला ते टोचलं.

समितीचे अध्यक्ष गावातले जुने बागायतदार, कोणालाच दुखवू नये असं वाटणारे. त्यांनी तोडगा काढला. रविवारी सगळ्यांसमोर बैठक घ्यायची. विरोध करणाऱ्यांनी एक जन्मवेळ आणायची, सरांनी तिची पत्रिका मांडून उघड वाचायची. पटली तर वर्ग राहील, फसली तर खोली रिकामी. सर म्हणाले, एका रोग्यावरून दवाखाना बंद करता का? अध्यक्ष म्हणाले, सर, लोकांना काहीतरी एक दाखवावं लागते. खोलीसाठी त्यांनी मान्य केलं.

आणि जन्मवेळ आणायचं काम माझ्याकडं आलं. त्याच आठवड्यात आमची म्हैस व्याली होती. माझ्या डोक्यात जो प्रकाश पडला तो कोणत्या ग्रहाचा होता ते मला अजून कळलेलं नाही. सर भर सभेत वगारीचं शिक्षण, नोकरी आणि परदेशगमन सांगतील, मी उठून म्हशीचं नाव घेईन, आणि बाळापुरातून ज्योतिष कायमचं उठेल.

आता सिस्टर. त्यांचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी पंचांग घराबाहेर गेलं ते गेलं. माझ्या अर्जावर त्यांची सही होती, आणि ती माझ्या शब्दाला भुलून केलेली नव्हती. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, त्यातले माझे दोन अलंकारिक शब्द खोडायला लावले आणि मग सही केली. पण दर सोमवारी सर बाळंतखोलीतलं घड्याळ रेडिओच्या ठोक्यावर मिळवायला जायचे, तेव्हा त्याच त्यांना स्टूल द्यायच्या. मी विचारलं, तुम्ही त्यांना काहून येऊ देता? म्हणाल्या, "घड्याळ बराबर असलं तर मलाच बरं हाय. इंजेक्शन काही ग्रहावर देत न्हाई मी."

मी सिस्टरचं नाव घेतलं आणि निर्धास्त घरी आलो. त्या माझ्या बाजूच्या, असा माझा हिशोब.

रविवारी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. पुस्तकांची कपाटं भिंतीला सरकवली होती. शाळेची पोरं खिडक्यांत. सरांच्या वर्गातली माणसं एका बाजूला, त्यांत सरांची बहीण. आक्का म्हणायचे सगळे तिला. लग्न झालेलं नव्हतं, भावाकडंच असायची, आणि वर्गात मागच्या रांगेत बसून फळ्यावरचं गणित सरांच्या आधी सोडवून मोकळी व्हायची. त्या दिवशी ती मांडीवर हात ठेवून सरळ समोर बघत होती. पंखा बंद होता, लाईट गेलेली.

सर उभे राहिले. मला वाटलं, आज तरी ते चुकलेलं सांगायचं सोडतील. पण नाही. "आधी माझं चुकलेलं ऐका," म्हणाले, आणि पीटीच्या सरांच्या वळकटीपासून सुरुवात केली. विरोधकांना आयतंच मिळत होतं. आमच्यातला एकजण माझ्या कानात म्हणाला, हा माणूस स्वतःच आपलं काम करून राहिला.

मग त्यांनी खिशातून माझ्या भाच्याचा कागद काढला, उलगडला, आणि पुन्हा घडी घातली.

"या पत्रिकेवर मी बोलणार न्हाई. वेळेची खात्री पटली न्हाई मला."

खिडकीतली पोरं ओरडली. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. सर, असं चालत न्हाई, म्हणाले, ठरलं ते ठरलं. बोलला न्हाईत तर खोली सोडावी लागंल. सरांचे कान लालभडक झाले होते. पण त्यांनी मान हलवली. पटली न्हाई म्हणजे न्हाई. चुकीच्या वेळेवर बोलायचं तर हा वर्ग चालवायचा कशाला?

खोली गेलीच होती. मी गप्प बसलो असतो तर जिंकलो होतो. हे वाक्य मी नंतर मनातल्या मनात फार वेळा म्हटलं आहे. पण मला चेव आला. मी उठलो आणि दुखावल्यासारखा चेहरा करून म्हणालो, माझ्या घरच्या लेकराची वेळ खोटी म्हणता? सिस्टर समोर बसल्यात, त्यांनी बाळंतपण केलंय, विचारा त्यांना.

सिस्टर बसल्या जागेवरून उठल्या. माझ्याकडं पाहिलं सुद्धा नाही.

"सर परवा मला विचारायला आले होते. तवाही सांगितलं, आताही सांगते. यांच्या घरचं कोणतंच बाळंतपण मी केलं न्हाई. माझी सही यांच्या अर्जावर हाय, अन् ती माघारी घेत न्हाई. पण खोट्या लेकरावर कोणाची खोली काढून घ्यायची न्हाई."

सगळं वाचनालय माझ्याकडं वळलं. विद्यार्थी खिडकीत, हेडमास्तर पहिल्या रांगेत. खोटारडा हा शब्द अजून कोणी उच्चारला नव्हता, पण तो तिथं होता. आणि माझा स्वभाव असा की भाचा खोटा होता याची लाज वाटायच्या ऐवजी वेळ खोटी म्हटल्याचा मला संताप आला. वेळ मी फार काळजीनं घेतली होती.

"वेळ एकदम बराबर आहे," मी म्हणालो. "मी स्वतः हातात घड्याळ धरून दावणीपाशी उभा होतो."

मागून पीटीच्या सरांचा आवाज आला, अगदी सौम्य.

"दावणीपाशी?"

पुढचं हसणं मी तुमच्यावर सोपवतो. अध्यक्ष टेबलावर डोकं ठेवून हसत होते. हेडमास्तरांनी रुमाल तोंडाला लावला. एका पोरानं खिडकीतून हंबरून दाखवलं, आणि तो माझ्याच वर्गातला होता. कोणी म्हणालं, सर, आता सांगाच, वगारीच्या नशिबात नोकरी हाय का?

एकटे सर हसत नव्हते. हसणं ओसरेपर्यंत ते उभे राहिले. मला वाटलं, आता हे मला सोलणार. त्यांच्या जागी मी असतो तर सोललं असतं.

"हसू नका," ते म्हणाले. "यांनी विचारलेला प्रश्न खरा आहे. सिस्टरला विचारायला गेलो नसतो तर मी आज या वगारीला शाळेत घातलं असतं. कुंडलीत माणूस की म्हैस ते दिसत न्हाई. मला तरी दिसत न्हाई. हे माझ्या अभ्यासातलं भोक आहे, अन् ते मी झाकून ठेवणार न्हाई."

वर्गातली त्यांची माणसं अस्वस्थ झाली. असं कबूल करायची काही गरज नव्हती. आम्ही विरोधकही गोंधळलो; इतक्या सरळ कबूल केलेल्या गोष्टीवर टीका कुठून सुरू करायची ते आम्हाला कळेना.

सिस्टर अजून उभ्याच होत्या.

"मग एक मीही विचारते. मंगळ हाय म्हणून घरी बसवलेल्या पोरी मी पाहिल्यात. दवाखान्यात येतात, झोप येत न्हाई म्हणून सांगतात. त्यांचं काय करायचं तुमच्या अभ्यासानं?"

सरांनी आक्काकडं पाहिलं नाही, आणि न बघण्यातच सगळ्यांना कळलं. सिस्टरलाही कळलं असावं, कारण त्या पटकन म्हणाल्या, राहू द्या. पण तोवर आक्का उठली होती.

"राहू कशाला द्यायचं?" ती म्हणाली. "मीच त्यातली एक. सोयरीक ठरली होती. एकानं पत्रिका मांडली, सातव्या घरात मंगळ दाखवला, सोयरीक मोडली. माझा भाऊ तव्हा कॉलेजात होता. ती पत्रिका तपासायला म्हणून त्यानं ज्योतिषाचं पुस्तक हातात घेतलं. सूर्योदय भलत्याच गावचा धरला होता त्या माणसानं. मंगळ सातव्या घरात नव्हताच. पण हे कळायला वर्षं गेली, पोरगा दुसरीकडं बोहल्यावर चढला." तिनं पदर सारखा केला. "आता कोणी माझ्यासमोर पत्रिका टाकली तर मी चूक काढून दाखवते. तव्हा आमच्या घरात कोणालाच येत नव्हतं."

"पण तपासायचीच काहून, आक्का?" सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या. "असता मंगळ खरंच सातव्या घरात, तर काय मोडू द्यायची होती सोयरीक?"

अर्जात मी एवढं लिहिलं होतं, अलंकारिक शब्दांसकट, पण हे मला सुचलं नव्हतं.

सरांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

"उत्तर न्हाई माझ्याजवळ, सिस्टर," ते म्हणाले. "इतकी वर्षं शोधून राहिलो. ज्या गोष्टीवर लोक सोयरिकी जोडतात, मोडतात, लेकराचं नाव ठेवतात, घराचा पाया खोदतात, ती खरी किती अन् खोटी किती हे कोणीतरी बसून पाहायला पाहिजे की न्हाई? खोटी निघाली तर तेही अभ्यासानंच निघंल ना. तुमी खोली बंद कराल. लोक पत्रिका बंद करणार न्हाईत. ते जाऊन आक्काची पत्रिका मांडली त्या माणसाकडंच बसतील." मग अध्यक्षांकडं वळून म्हणाले, "मला येतं म्हणून खोली मागत न्हाई. येत न्हाई म्हणून मागून राहिलो."

मी आजही ज्योतिष मानत नाही. पण एखाद्या विषयासाठी इतक्या सरळ शब्दांत जागा मागताना मी दुसऱ्या कोणाला पाहिलेलं नाही, विज्ञानासाठी सुद्धा नाही. विज्ञानाला खोली आपोआप मिळते, म्हणून आम्ही मागायचं विसरतो.

अध्यक्षांना निर्णय देववेना. शेवटी सिस्टरच म्हणाल्या, वर्ग राहू द्या, पण मी रविवारी येऊन बसणार, पटलं न्हाई की तिथंच बोलणार. सर म्हणाले, "याच. सगळे व्हय सर, व्हय सर करून राहिले तर माझं चुकतंय कुठं ते मला कळायचं कसं?" अशी ती खोली राहिली. माझ्या अर्जाचं काय झालं ते कोणी विचारलं नाही; मीही विचारलं नाही.

त्यानंतर ते माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. मी चहाचा कप मुद्दाम त्यांच्यापुढं सरकवायचो, ते तो तसाच परत सरकवायचे. शाळेत पोरं मला पाहून हंबरायची ती गोष्ट वेगळी, ती मला चालायची.

मग एका संध्याकाळी ते आमच्या दारात. मी आत या म्हणालो. ते म्हणाले, तुमच्याकडं न्हाई आलो, आणि सरळ गोठ्याकडं गेले. वगारीसमोर उभे राहिले. तिचे पाय पाहिले, कान पाहिले, माझ्या आईला ती कधी आजारी पडली, किती पिते ते विचारलं.

"सर, हे काय?" मी म्हणालो.

"या तालुक्यात घड्याळ हातात धरून पाहिलेला हा एकच जन्म आहे," ते म्हणाले. "वाया कसा घालवू?"

त्यांनी वगारीची कुंडली मांडली होती, आणि काहीतरी अंदाज बांधला होता, तो सांगायला तयार नव्हते. दर दोन-चार महिन्यांनी यायचे. आईनं त्यांच्यासाठी दूध बाजूला ठेवायला सुरुवात केली. वगारीची म्हैस झाली, व्याली, तेव्हा ते पुन्हा आले, तिच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. पुढच्या रविवारी वर्गात चुकलेल्यांच्या यादीत पीटीच्या सरांच्या बदलीनंतर आमच्या वगारीचा नंबर लागला. मागच्या पायात दोष निघंल, असं त्यांना वाटलं होतं. आमची म्हैस तर कुंपणावरून उडी मारून शेजाऱ्याचा लसूणघास खाऊन यायची. ज्योतिष चुकलं याचा मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला, पण जेवढा ठरवला होता तेवढा झाला नाही. घरी येऊन मी म्हशीचा मागचा पाय दाबून बघितला. तिनं मला लाथ घातली. पाय चांगला होता.

पुढं स्टँडजवळ कॉम्प्युटरवर पत्रिका निघू लागल्या. नाव सांगा, वेळ सांगा, रंगीत छापून हातात. लोक सरांना म्हणू लागले, आता तुमचं काय काम? ते त्या दुकानात गेले आणि पोऱ्याला विचारू लागले, ही वेळ कोणी पाहिली? पोऱ्या म्हणाला, काका, गिऱ्हाईक सांगते ती टाकतो. सर वैतागून वर्गात आले. त्या रविवारी सिस्टर आणि ते पहिल्यांदा एका बाजूला होते, दुकानाविरुद्ध. मी म्हणालो, सर, तुमच्या दोघांची पत्रिका जुळली. दोघंही माझ्यावर एकदम खेकसले.

स्वतःची कुंडली त्यांनी कधी मांडली नाही. त्यांच्या जन्माची वेळ कोणीच पाहिली नव्हती. हळद शिजवायचे दिवस होते, घरचं सगळं माणूस कढईपाशी, एवढंच त्यांच्या आईला आठवायचं. निवृत्त झाल्यावर छातीचं दुखणं निघालं. नांदेडला नेलं, आणलं, पुन्हा नेलं. भेटायला गेलो तर कॉटवर बसून पाटीवर काहीतरी मांडत होते. डॉक्टर काय म्हणतात, मी विचारलं. म्हणाले, अंदाज सांगून राहिले, चुकलं तर मला सांगणार न्हाईत. मी हसलो नाही. त्यांनी माझ्या हातातला चहा घेतला आणि प्यायला. कित्येक वर्षांनी.

पावसाळ्याच्या आत ते गेले.

रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत शोकसभा ठेवली. फळ्यावर त्यांनी शेवटचं मांडलेलं गणित तसंच होतं, पुसायला कोणी पुढं होईना. समितीनं मला बोलायला सांगितलं. विरोधकच चांगलं बोलतो, असा त्यांचा समज. मी उभा राहिलो. या वर्गाची बाजू उघड व्हायला आपणच कसे कारणीभूत झालो, हे मी सविस्तर सांगितलं. सत्याच्या शोधात विरोधकाचं स्थान काय, यावर आलो. मग विज्ञान, मग धरणावरचा शुक्र, मग पुन्हा विज्ञान. सिस्टर खाली बघत होत्या. मला वाटलं, त्यांना गहिवरून आलंय. माझाही आवाज भरून आला होता, आणि तो भरून आल्याचं मला बरं वाटत होतं.

आक्का मागच्या रांगेतून उठून फळ्यापाशी आली. तिच्या हातात खडू होता. माझं वाक्य पुरं व्हायची तिनं थोडी वाट पाहिली, पण ते पुरं होईना.

"सर, कवाचं तुमच्याबद्दलच बोलून राहिले तुमी," ती म्हणाली. "बसा आता. वर्ग घ्यायचा हाय."